हार्टमानच्या आठ सिंफनी: कुबेलिक घ्यावा की मेट्समाखर?

कार्ल आमाडेउस हार्टमान या जर्मन संगीतकाराच्या सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना, ऐकायचं ठरवलंय आणि राफाएल कुबेलिक की इंगो मेट्समाखर, कुठल्या कंडक्टरचा सेट घेऊ इथे गाडी अडलीय, तर आधी सहावी लावा. दोन्ही सेटमधली सहावी पाठोपाठ ऐका, निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

थोडी पार्श्वभूमी सांगतो कारण तिच्याशिवाय या रेकॉर्डिंगमधला फरक नीट कळत नाही. हार्टमान म्युनिकचा, जन्म 1905 चा. नाझी सत्तेवर आल्यावर देश सोडला नाही पण जर्मनीत स्वतःचं संगीत वाजवू द्यायचंही बंद केलं, बारा वर्षं लिहायचं आणि ड्रॉवरमध्ये ठेवायचं. 1945 च्या एप्रिलमध्ये दाखाऊ छळछावणीतल्या कैद्यांना हाकत नेलं जाताना त्याने डोळ्यांनी पाहिलं. युद्ध संपल्यावर त्याने म्युनिकमध्ये मूझिका व्हीव्हा ही मैफलींची मालिका उभी केली आणि ड्रॉवरमधलं बरंच काही नव्याने लिहून सिंफनी म्हणून बाहेर काढलं, सहावीसुद्धा 1930 च्या दशकातल्या जुन्या कामावर उभी आहे. म्हणून या संगीतात नुसतं दुःख नाही, दाबून ठेवलेला राग आहे, आणि तो राग कसा बाहेर येतो यावरच मी रेकॉर्डिंग निवडतो.

वेर्गो कंपनीचा सेट म्हणजे बव्हेरियन रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्राची रेडिओसाठी केलेली रेकॉर्डिंग. बहुतेक सिंफनी राफाएल कुबेलिकच्या, पण सगळ्या नाहीत हे घेताना लक्षात ठेवा, पहिली फ्रिट्झ रीगरची आहे, तिसरी फर्डिनांड लाइटनरची आणि सातवी झ्देनेक माचालची. कुबेलिक स्वतः 1948 मध्ये चेकोस्लोव्हाकिया सोडून निघालेला माणूस, 1961 पासून या ऑर्केस्ट्राचा प्रमुख, हार्टमान 1963 च्या डिसेंबरमध्ये गेला म्हणजे शेवटची दोन-अडीच वर्षं दोघं एकाच शहरात काम करत होते, आणि आठव्या सिंफनीचा पहिला प्रयोगही कुबेलिकनेच केला. हे सगळं ऐकू येतं हो. सहावीतला पहिला संथ भाग तो असा चढवत नेतो की एखादा गवई विलंबित ख्यालात घाई न करता एकेक सूर भरत वर जावा, आणि शिखरावर ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, येतं तेव्हा खरंच अंगावर येतं. मग दुसऱ्या भागातले फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळी वाद्यं एकामागून एक उचलतात ती रचना) सुरू होतात, तालवाद्यांचा मारा, आणि ऑर्केस्ट्रा तुटेपर्यंत ताणलेला. काही ठिकाणी कडा फाटल्यासारख्या वाटतात, आवाज वेगवेगळ्या वर्षांचा असल्यामुळे एकसारखा नाही, मला त्याचं काही वाटत नाही.

इंगो मेट्समाखरचा इएमआयचा सेट 1990 च्या दशकातला, बाम्बर्ग सिंफनी, आठही सिंफनी एकाच कंडक्टरच्या. हा त्याचा मोठा फायदा, कारण पहिलीपासून आठवीपर्यंत हार्टमान कसा बदलत गेला ते एका हातातून ऐकायला मिळतं. आवाज स्वच्छ, फ्यूगमधला कुठला धागा कुठे शिरला ते बोट ठेवून दाखवता येईल इतका. दुसरी सिंफनी म्हणजे एकच सलग अडाजिओ, म्हणजे संथ भाग, त्यात बॅरिटोन सॅक्सोफोन एकटा बोलायला लागतो, ती जागा मला मेट्समाखरकडेच जास्त आवडते, घसा दाटलेल्या माणसासारखा तो आवाज बाकी वाद्यांतून वेगळा निघतो. नुसत्या तंतुवाद्यांची चौथी पण छान. पहिलीत वॉल्ट व्हिटमनच्या कवितांवर आल्टो (खालच्या पट्टीत गाणारी गायिका) गाते, इथे कॉर्नेलिया काल्लिश आहे आणि शब्द नीट कळतात, पहिलीसाठी मी हाच सेट सांगेन. पण सहावी आणि आठवीत मेट्समाखर सगळं व्यवस्थित मांडतो आणि जिथे आपल्याला धक्का बसायला हवा तिथे बसत नाही. निदान मला तरी नाही बसत.

तिसरा पर्याय चॅलेंज क्लासिक्सचा, नेदरलँड्स रेडिओ फिलहार्मोनिक, कंडक्टर अनेक, मार्कुस श्टेन्झ, ओस्मो व्हॅन्स्का वगैरे. ध्वनिमुद्रण यांचं सगळ्यात चांगलं, चांगले स्पीकर असतील तर मोह होणारच, पण कंडक्टर बदलला की भाषा बदलते म्हणून पहिला सेट म्हणून नको.

फक्त एकच सिंफनी हवी असेल तर फेरेन्त्स फ्रिचायची 1950 च्या दशकातली मोनो (स्टीरिओच्या आधीच्या पद्धतीची) सहावी शोधा, जुनी आहे पण धार अजून तशीच.

स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर एक सांगतो, प्रवासात गोंगाटात लावू नका. तिसरी अगदी हळू, एकट्या डबल बासवर सुरू होते, लोकलच्या खडखडाटात ते ऐकूच येणार नाही आणि मग वाटेल यात काही नाहीच. रात्री घर शांत झालं की लावा.

पैसे एकाच सेटवर घालायचे असतील तर माझं मत कुबेलिक. पहिली सिंफनी मेट्समाखरची वेगळी ऐकून घ्या. आणि वेर्गोच्या सेटमध्ये हार्टमानचं शेवटचं, अपुरं राहिलेलं गेझांग्सझेने हे गायक आणि ऑर्केस्ट्रासाठीचं काम आहे, डीट्रिश फिशर-डीस्काउच्या आवाजात. शेवटच्या ओळींना सूर लावायच्या आधीच हार्टमान गेला, म्हणून तिथे गायक गाणं थांबवून नुसतं बोलतो. ते ऐकायला तरी हा सेट घ्याच.