'गाकु' वाचून संपली एकदाची

शिनइचि इशिझुकाची 'गाकु' ही मांगा (जपानी कॉमिक्स) संपवली, 18 च्या 18 भाग. जपानी क्लासमधल्या मैत्रिणीने पहिले तीन दिले होते, म्हटलं कांजीची (जपानीतली चित्रलिपीसारखी अक्षरं) प्रॅक्टिस होईल, कसली प्रॅक्टिस, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डिक्शनरी घेऊन पुढे काय होतं तेच शोधत बसायचो.

गोष्टीचा हीरो सान्पो शिमाझाकी जगातले मोठमोठे डोंगर चढून आलाय आणि आता जपानच्या उत्तर आल्प्समध्ये तंबूत राहतो, कोणी अडकलं की नागानो पोलिसांच्या रेस्क्यू टीमला व्हॉलंटियर म्हणून मदत करतो, जखमीला पाठुंगळी घेऊन खाली आणतो. वाटतं दर वेळी वाचवेल, पण नाही, कितीतरी वेळा तो पोचतो तेव्हा माणूस गेलेला असतो. तरी त्याच्याशी बोलतो, 'योकु गान्बात्ता', म्हणजे लई झुंजलास रे गड्या. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून जरा गॅलरीत जाऊन आलो. आणि जिवंत सापडला तर लेक्चर नाही, उलट म्हणतो परत या हं डोंगरात.

आपल्याकडे पावसाळ्यात कोणी ट्रेकला घसरलं की बातमीखाली पहिली कमेंट ठरलेली, 'कशाला मरायला जातात'. लोणावळ्याच्या शिवदुर्ग रेस्क्यू टीमची पोरं रात्री-अपरात्री रोप घेऊन दरीत उतरतात ती असं विचारत बसत नाहीत.

सान्पो नुसता गोडगोड आहे असंही नाही. एकदा हेलिकॉप्टर जवळ येऊ शकत नाही म्हणून तो मृतदेह कड्यावरून सरळ खाली सोडून देतो आणि नवीन आलेली पोलीस कुमी शिइना हादरते. मीही तिच्याच बाजूने होतो, मग लक्षात आलं की जिवंत माणसांचा जीव आधी.

खटकलं ते पण सांगतो. सुरुवातीच्या भागांत चेहरे जरा ओबडधोबड आहेत (बर्फ आणि कडे मात्र एक नंबर), आणि सलग वाचलं तर मधे तेच तेच वाटतं, कोणीतरी पडतं, घरची आठवण, सान्पो येतो. दिवसाला दोन-तीन चॅप्टर बास. 2008 मध्ये पहिलंच मांगा ताइशो अवॉर्ड हिला मिळालं, 2011 मध्ये पिक्चरपण आला, पण आधी पुस्तकं वाचा.

शेवटी गोष्ट हिमालयात जाते. ते भाग प्लीज रविवारी रात्री घेऊ नका, मी घेतले आणि सोमवारी ऑफिसात सगळे विचारत होते डोळे आलेत का.