इन्स्क्रिप्ट कळफलकावर नऊ महिने: दर रविवारी एक टिपण

मी निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचं पाणी घरापासून जवळ, त्यामुळे पक्षी बघण्याचा नाद शाळेपासूनचा. जे बघतो ते दर आठवड्याला लिहून ठेवायचं, हेही बरीच वर्षं मनात होतं. पण तीन-चार आठवडे झाले की लिहिणं बंद पडायचं. गेल्या नोव्हेंबरात इन्स्क्रिप्ट, म्हणजे संगणकावर थेट मराठी अक्षरं टाइप करायची कळांची मांडणी, शिकलो आणि तेव्हापासून जुलैअखेरपर्यंतच्या ३९ रविवारांपैकी ३६ रविवारी टिपण पूर्ण झालं. नियमित लिहू पाहणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून हा अनुभव मांडतोय.

आधी दोनदा प्रयत्न केला होता, दोन्ही वेळा मोबाइलवर. पहिल्यांदा रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवायचो. 'किनाऱ्यावर' हा शब्द माझ्या प्रत्येक टिपणात येतो आणि प्रत्येक वेळी खाली तीन-चार पर्याय दिसायचे. त्यातला बरोबर कोणता हे निवडेपर्यंत पुढचं वाक्य डोक्यातून गेलेलं असायचं. दुसऱ्यांदा बोलून लिहायचं ठरवलं. साधी वाक्यं छान उतरली, पण 'थापट्या' म्हटलं की भलताच शब्द यायचा. पक्ष्यांची नावंच चुकली तर त्या टिपणाला अर्थ काय राहिला? दुरुस्तीतच अर्धा तास जायचा. आळस हे कारण नव्हतं, हे मला आता कळतंय. हात मनाच्या मागे पडत होता, आणि जे काम दर वेळी असं अडतं ते माणूस हळूहळू टाळायला लागतो.

इन्स्क्रिप्टसाठी काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की हा कळफलक येतोच, आणि विंडोजची कळ व स्पेस एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं. १९९१ च्या भारतीय मानकात ही मांडणी दिलेली आहे आणि ती बहुतेक भारतीय लिप्यांना एकच आहे. क जिथे मराठीत, तिथेच गुजरातीत आणि कन्नडमध्येही.

मांडणीमागचा विचार मला फार आवडला. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं. क च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ख, ग वर घ, त वर थ, द वर ध. बाराखडी घोकलेल्या माणसाला हे पटकन उमगतं. पाय मोडायचा असेल तर डाव्या हाताचं मधलं बोट, डी या कळीवर. ऱ्हस्व वेलांटी कागदावर आपण अक्षराच्या आधी काढतो, जुन्या टाइपरायटरवरही ती आधीच दाबायची असे. इथे आधी अक्षर, मग वेलांटी, म्हणजे ज्या क्रमाने आपण बोलतो त्याच क्रमाने. माझी बोटं तिथेच आठवडाभर अडखळली, नंतर मात्र तेच सोपं वाटायला लागलं.

ज्या गोष्टीमुळे मी या कळफलकाचा झालो ती सांगतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द घ्या. दोन्हींना पाचच कळा: द, र, पाय मोडणं, य, काना. फरक एवढाच की दुसऱ्या शब्दात र शिफ्टसह दाबायचा. कुठे पर्याय निवडायचा नाही, अंदाज करायचा नाही. 'किनाऱ्यावर' आता बोटं आपोआप लिहितात. ज्या दिवशी हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी एका बैठकीत पानभर लिहिलं होतं.

त्रास झालाच नाही असं नाही. पहिले पंधरा दिवस रोज वीस मिनिटं नुसता सराव केला, मिनिटाला आठ शब्द निघत होते. ण मी न च्या कळीवर शोधत होतो, तो निघाला म च्या कळीवर. ळ, ण, श, भ, आ या सगळ्यांना शिफ्ट लागतं. साध्या 'आणि'त आ ला एकदा आणि ण ला एकदा, असं दोनदा शिफ्ट. जानेवारीत डाव्या करंगळीला रग लागायला लागली तेव्हा उजवीकडचं शिफ्टही वापरायची सवय मुद्दाम लावून घेतली. आमच्याकडच्या दुकानांत देवनागरी अक्षरं छापलेला लॅपटॉप मिळाला नाही म्हणून कळांवर स्टिकर चिकटवले, ते दोन महिन्यांत पुसट झाले. आज माझा वेग मिनिटाला २६-२७ शब्दांचा आहे. सरकारी लिपिकाला मराठीत ३० लागतो, तिथवर अजून पोचायचं आहे. एक-दोन पानं लिहून थांबणाऱ्याने या फंदात पडू नये, त्याला मोबाइल पुरेसा आहे. महिन्याला चार टिपणं लिहायची असतील तर मात्र हे पंधरा दिवस द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कळफलकाइतकाच आधार झाला तो गावच्या शाळेतल्या फलकाचा. रविवारी पहाटे पाण्यावर जायचं, दुपारी लिहायचं, सोमवारी प्रार्थनेच्या आधी छापलेला कागद फलकावर लावायचा. पहिलं टिपण वारकरी पक्ष्यावर होतं. अंगाने काळा, कपाळावर पांढरा टिळा. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून २०२० साली जाहीर झालं, आणि ते आपल्या तालुक्यात आहे हे बऱ्याच मुलांना त्या कागदावरून कळलं. मार्चमध्ये द्राक्षांची तोडणी चालू असताना लागोपाठ दोन दांड्या पडल्या. तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने मला बागेच्या बांधावर गाठून विचारलं, "काका, या सोमवारी पण कागद नव्हता. पक्षी गेले का?" त्या रात्री थकून आलो होतो, तरी बसलो आणि चक्रवाकांवर बारा ओळी लिहिल्या. तेव्हापासून नियम केला: रविवार हुकला तर सोमवारी निदान पाच ओळी.

सगळ्यात अवघड गेले एप्रिल आणि मे. पाहुणे पक्षी परतलेले, बागेत खरड छाटणी, मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणजे वाट बघणारंही कुणी नाही. मे मध्ये एक रविवार सुटला. बाकीच्या रविवारी मी पाण्याची पातळी, उघडा पडलेला गाळ, त्यात चोच खुपसणारे बगळे एवढंच लिहिलं. चार-पाच ओळींचीच टिपणं ती, पण आज वाचताना मला तीच जास्त जवळची वाटतात. कारण उन्हाळ्यातलं हे पाणी मी इतकी वर्षं नीट बघितलंच नव्हतं. जुलैत कमळपक्ष्याचा नर अंडी उबवताना दिसला. मादी अंडी घालून निघून जाते आणि उबवण्यापासून पिल्लं सांभाळण्यापर्यंत सगळं नर करतो. हे टिपण दीड पान झालं, एकाच बैठकीत.

गेल्या आठवड्यात लॅपटॉपला जोडायला वेगळा कळफलक आणला, शिफ्टची कळ जरा रुंद असलेला. स्टिकरचं पाकीट दुकानदाराने पुढे केलं, पण ते घेतलं नाही. आता त्यांची गरज राहिलेली नाही.