माझ्या सेमी-हॉलो (अर्धपोकळ बॉडीच्या) इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारे मॅग्नेट-कॉइल, बदलून आठ महिने झाले, आता लिहितो

मूळचे हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) वाईट नव्हते खरं तर, पण नेकवर, म्हणजे मानेकडच्या पिकअपवर, जाड तारांवर कॉर्ड वाजवली की आवाजाचा नुसता गोळा व्हायचा, एकेक सूर वेगळा ऐकूच यायचा नाही. मग मी पहिली चूक केली. जास्त आउटपुटचे सिरॅमिक मॅग्नेटवाले पिकअप बसवले, कॉइलचा रोध जवळपास १४ किलोओहम. आवाज दणदणीत आला पण गिटारची हवाच गेली, डोळे मिटून ऐकलं तर सॉलिड बॉडीच वाटावी. दोन महिन्यांत काढून टाकले.

दुसऱ्यांदा जुन्या पीएएफ (‘पेटंट अप्लाइड फॉर’, गिब्सनचे सुरुवातीचे हंबकर) धाटणीचे घेतले. सेथ लवरने गिब्सनसाठी हंबकर बनवला आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९५८ ला ईएस-३३५ ही त्यांची सेमी-हॉलो गिटार आली ती हेच पिकअप घेऊन, म्हणजे या बॉडीशी त्याचं जुनं नातं आहे. नेकला अल्निको २ मॅग्नेटचा, साडेसात किलोओहम, मेण न लावलेला. ब्रिजला (तारा बॉडीवर टेकतात त्या बाजूला) दुसऱ्या कंपनीचा अल्निको ५, आठच्या थोडा वर, मेणात बुडवलेला. (किलोओहमवरून तुलना करताना तार एकाच जाडीची आहे का ते बघा, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ नाही.)

मेण न लावलेल्या पिकअपबद्दल स्पष्ट सांगतो. कॉइल थोडी सैल असते त्यामुळे बॉडीवर बोट आपटलं तरी ऐकू येतं, आणि मला तर तेच हवं होतं, पिक तारेला लागतानाचा तो बारीक आवाजसुद्धा येतो. पण गेन चढवून अँपसमोर उभं राहिलात की शिट्टी (फीडबॅक) बसते, बॉडीच्या मधला लाकडी ब्लॉक असूनही. मी दोन पावलं बाजूला सरकतो, मला चालतं. जोरात वाजवणाऱ्यांनी दोन्ही मेणवालेच घ्यावेत.

बसवणं म्हणजे कसोटी. मागे झाकण नाही, सगळं एफ-होलमधून, म्हणजे बॉडीवरच्या एफ आकाराच्या भोकातून. प्रत्येक पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग) दांड्याला दोरा बांधूनच आत सोडा, नाहीतर परत भोकात आणताना तासन् तास जातात. बाहेर काढलेच होते म्हणून मल्टिमीटर लावला तर पॉट ३०० के (किलोओहम) निघाले, ५०० के टाकले आणि वरचे सूर मोकळे झाले. मूळच्या पिकअपचा निम्मा गढूळपणा या पॉटमुळेच असणार असं आता वाटतं, तेव्हा पिकअप घेण्याआधी हे मोजा, कदाचित गरजच पडणार नाही.

सगळं जोडून झालं आणि टॉगल (पिकअप निवडायचा स्विच) मध्ये, म्हणजे दोन्ही पिकअप चालू, ठेवला तर आवाज एकदम पातळ, नाकातून आल्यासारखा. दोन वेगवेगळे बनवणारे, त्यामुळे फेज उलटी, एकाचा सिग्नल दुसऱ्याला खोडतो. चार वायरी असत्या तर अदलाबदल करून भागलं असतं, पण माझ्या दोन्हींना जुन्या पद्धतीची जाळीची वायर, तिची जाळी थेट कव्हरला जोडलेली, उलटी जोडली तर कव्हरच सिग्नलला लागणार. शेवटी ब्रिजच्या पिकअपचा मॅग्नेट सरकवून काढला, आडवा उलटवून परत घातला. सोल्डरिंगचा हात नसेल तर चार वायरीवालेच घ्या किंवा सरळ जोडीच घ्या.

उंचीवर पहिला महिनाभर खेळत होतो. शेवटचा फ्रेट दाबून ब्रिजला २ मिमी, नेकला ३ च्या आसपास ठेवलंय, नेक खाली गेला तसा तो गोळा सुटला. आता बराच वेळ टॉगल मध्येच असतो, नेकचा व्हॉल्यूम सातवर, आणि कॉर्डमधले सगळे सूर वेगळे ऐकू येतात.