पाटे काढून कॉइल स्प्रिंग: पद्मिनीच्या मागच्या सस्पेन्शनचा वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारण बरेच जण तेवढंच विचारतात. पाटे (एकावर एक पोलादी पानं रचलेली लीफ स्प्रिंग) काढून फोर-लिंक (अॅक्सल धरणारे चार आर्म) आणि कॉइल स्प्रिंग बसवल्याचं समाधान आहे, पण ते गाडी मऊ झाली म्हणून नाही. मऊपणाच हवा असेल तर जुने पाटे उघडून, घासून, ग्रीस भरून, नवीन बुश (सांध्यातली रबरं) आणि चांगले शॉकअप घालूनही निम्मं काम होतं. खरा फरक मागच्या अॅक्सलचा, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या भागाचा आहे. तो आता जिथे बसवलाय तिथेच राहतो. उन्हाळ्यात काम पुरं झालं, मग बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीचा अख्खा पावसाळा गेला, आता ऊसतोड सुरू झाली आहे. एवढ्या वापरानंतर बोलायला हरकत नाही.

गाडी प्रीमियर पद्मिनी. इंजिन मूळचं १०८९ सीसीचं नाही. आधीच्या मालकाने प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं ११७१ सीसी इंजिन घालून आरसीवर नोंदवून घेतलेलं. पुढे कंपनीचेच विशबोन आणि कॉइल स्प्रिंग आहेत, त्यांना हात लावला नाही. मागे सरळ अॅक्सल आणि दोन बाजूंना पाटे, फियाट ११०० पासून चालत आलेली मांडणी.

पाट्याला लोक नावं ठेवतात ते मला पटत नाही. एकच वस्तू वजन पेलते, अॅक्सल पुढे-मागे धरते, आडवा सरकू देत नाही आणि वर पानांच्या घर्षणाने थोडं शॉकअपचंही काम करते. इतकी कामं एकाच वस्तूवर टाकल्यामुळेच अडचण होते. दुसऱ्या गिअरमध्ये चढावर जोर दिला की अॅक्सल स्वतःभोवती पिळतो, पिनियनचं (इंजिनची ताकद अॅक्सलमध्ये आणणाऱ्या गिअरचं) तोंड वर उचलतं आणि पाटा एस आकारात वाकतो. ब्रेक मारला की तेच उलट्या दिशेने. जास्त ताकदीच्या इंजिनवर हे लगेच जाणवतं: क्लच सोडताना मागून थरथर, खड्डेवाल्या वळणावर मागचा भाग एक पाऊल बाजूला पडल्यासारखा. पानं गंजून एकमेकांना चिकटली की लहान खड्ड्यात पाटा वाकतच नाही, सगळा दणका बॉडीत जातो. आमच्याकडच्या पावसात गंज यायला वेळ लागत नाही.

नवीन मांडणी अगदी जुनीच आहे, तिच्यात माझं डोकं काही नाही. खाली दोन लांब आर्म, वर दोन आखूड आर्म आणि अॅक्सल आडवा सरकू नये म्हणून एक पॅनहार्ड रॉड. जुन्या आल्टोच्या खाली वाकून बघा, मागे सरळ अॅक्सल, कॉइल स्प्रिंग आणि आडवा लॅटरल रॉड दिसेल. म्हणजे रोजच्या वापरात मुरलेली गोष्ट आहे. अवघड भाग एकच: पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं पेलते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या शेडमध्ये काम केलं तिथल्या फिटर मामांनी पहिल्याच दिवशी नेमकं बोट ठेवलं. “तुम्ही म्हणतायसा ते बरोबर हाय की ओ सर, आर्म काय, कुणी बी करून देईल. पण बॉडीला कुठं धरायचं ते आधी सांगा.”

खालच्या आर्मचं उत्तर सोपं निघालं. पाट्याचं पुढचं टोक ज्या हँगरला असतं ती जागा कंपनीनेच जोर सोसायला बनवलेली आहे, म्हणून आर्मचं पुढचं टोक तिथेच घेतलं. वरच्या आर्मसाठी मात्र बॉडीत काहीच नाही. पातळ पत्र्याला ब्रॅकेट वेल्ड केलं तर ब्रॅकेट टिकतं आणि भोवतीचा पत्रा फाटतो. त्यासाठी मागच्या सीटच्या खालून आडवा चौकोनी पाईप घेतला, त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीच्या रुंद प्लेटी, पत्र्याच्या आतून एक आणि बाहेरून एक, मध्ये पत्रा दाबून बोल्ट. बॉडीवर वेल्डिंगचा एक ठिपकाही नाही. अॅक्सलवरची ब्रॅकेट वेल्ड केली, पण ती भंगारातून आणलेल्या दुसऱ्या हाउसिंगवर (अॅक्सलच्या बाहेरच्या कवचावर). मूळ हाउसिंग आणि पाटे तेल लावून माळ्यावर ठेवलेत. कधी वाटलं तर गाडी होती तशी परत उभी राहील.

पॅनहार्ड रॉडकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. हा रॉड एका टोकाला बॉडीला आणि दुसऱ्या टोकाला अॅक्सलला असतो. अॅक्सल वर-खाली झाला की रॉडचं टोक गोलात फिरतं, त्यामुळे अॅक्सल थोडा आडवा ओढला जातो. रॉड आडवा सपाट आणि ९०० मिमी लांब असेल तर ५० मिमीच्या हालचालीला ही ओढ दीड मिमीच्याही आत राहते. तोच रॉड ४०० मिमीचा केला तर तीन मिमीच्या वर जाते, आणि मोठ्या खड्ड्यात ७५ मिमीला सात. जागा नाही म्हणून आखूड रॉड तिरका बसवलेल्या गाड्या मी पाहिल्यात. त्या प्रत्येक उंचवट्यावर मागून कमरेतून हलल्यासारख्या चालतात. आमच्याकडे सायलेन्सरचा पाईप आड येत होता. मामांचं म्हणणं होतं रॉड थोडा वाकवू. मी अडून राहिलो आणि सायलेन्सरचा पाईप वळवून घेतला. ज्या रॉडने सरळ ओढ आणि दाब सोसायचा त्याला वाक नको.

स्प्रिंगचा हिशेब वजनावरून सुरू केला. मागची चाकं तेवढी वजनकाट्यावर घेतली, त्यातून अॅक्सल आणि चाकांचं वजन वजा केलं, तर रिकाम्या गाडीचं दर बाजूला साधारण १६० किलो स्प्रिंगवर येतं. मागे तीन माणसं आणि डिकी भरली की त्यात दर बाजूला शंभर किलोची भर. आता नुसत्या आरामासाठी १२ न्यूटन प्रति मिमीची (एक मिमी दबायला १२ न्यूटन जोर लागणारी) स्प्रिंग चालली असती, पण मग भरलेली गाडी ८० मिमी बसली असती, म्हणजे जवळजवळ बंपस्टॉपवर (अॅक्सल बॉडीला आपटू नये म्हणून असलेल्या रबरी ठोकळ्यावर). २० घेतली तर ५० मिमी बसते. आम्ही २० ठरवली. वाइंडिंग कोल्हापूरकडून करून आणलं: १२ मिमी तार, मधला व्यास ११० मिमी, काम करणारे वेढे पावणेआठच्या आसपास. तारेची जाडी या हिशेबात चौथ्या घाताने येते. तीच स्प्रिंग १३ मिमी तारेत वळवली तर ३८ टक्के ताठ होते. वाइंडरकडे १२ ची तार नसली आणि तो “१३ ची आहे, काय फरक पडतो” म्हणाला, तर थांबा. फार फरक पडतो.

हाउसिंगच्या नळीवर वेल्ड मारला की नळी त्या बाजूला वाकते, आणि डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकली तरी अॅक्सल शाफ्टचं बेअरिंग खाते. आधी लेथवर सरळ दांडा करून दोन्ही टोकांतून आरपार घातला. मग इकडे एक टाका, लगेच समोरच्या बाजूला एक टाका, गार होऊ द्यायचं, दांडा हाताने फिरतोय का बघायचं, पुन्हा टाके. दिवसभर तेवढंच काम. सगळं सीओटू वेल्डिंगने. नंतर शेजारच्या मशीन शॉपमधून डाय पेनिट्रंटचे (बारीक भेगा दाखवणाऱ्या रंगाचे) डबे आणले; कास्टिंग तपासायला तिथे ते रोजचेच. लाल रंग फवारला, पुसला, वर पांढरं डेव्हलपर मारलं. पॅनहार्डच्या ब्रॅकेटच्या खालच्या कोपऱ्यात हळूहळू केसाएवढी लाल रेघ उमटली. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. मामांनी काही न बोलता ग्राइंडर उचलला, तो वेल्ड पूर्ण काढला आणि कोपऱ्याला त्रिकोणी गसेट (आधाराची प्लेट) देऊन पुन्हा मारला. माझा या कामावरचा विश्वास तिथे बसला.

आता चालवण्याबद्दल. बेळगाव शहरात, हंपवर, पूर्वी ‘धडाक’ होऊन डिकीतलं सामान उडायचं; आता मागचा भाग एकदा खाली जाऊन वर येतो आणि शांत होतो. हायवेला वंटमुरीच्या उतारावर ब्रेक दाबताना मागून येणारी थरथर पूर्ण गेली. हे पिळणं थांबल्यामुळे झालं, आणि मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. चोर्ला घाटाच्या वळणांवर गाडी कमी झुकते. स्प्रिंग पाट्यांच्या मानाने मऊ असूनही असं का, तर पॅनहार्ड रॉड अॅक्सलच्या मध्याइतक्या उंचीवर ठेवल्याने बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदूही वर राहतो. आई गुडघ्यांमुळे मागे बसायला नको म्हणायची. खानापूरला लग्नाला गेलो तेव्हा ती सगळा रस्ता मागे बसून आली आणि उतरताना काहीच तक्रार केली नाही. माझ्या दृष्टीने हे प्रमाणपत्र मोठं आहे.

भार मात्र पाट्याइतका पेलत नाही. निपाणी-चिकोडीच्या बाजूला ऊसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यात चाकोऱ्या पडतात. तिथे पाच माणसं आणि तांदळाचं पोतं घेऊन गेलो की खोल खड्ड्यात बंपस्टॉप लागतो. एकदाच लागतो, पण लागतो. गाडीचा रोजचा वापर माल नेण्याचा असेल तर पाटे काढू नका, त्यांनाच नीट करा.

पावसाळ्याने दोन गोष्टी शिकवल्या. स्प्रिंगची खालची वाटी आम्ही बंद बुडाची केली होती. जांबोटीच्या पुढची तांबडी माती तिच्यात साचून वीट झाली, वेढ्याखाली ओल धरून रंग सोलायला लागला. आता वाटीला मोठी भोकं आहेत आणि घरी आल्यावर पाण्याचा एक फवारा मारला की सगळं निघून जातं. दुसरी बुशची. वरच्या आर्मच्या अॅक्सलकडच्या टोकाला मऊ रबर होतं, ते कडेने फाटलं आणि रिव्हर्स घेताना ‘टक’ असा आवाज यायला लागला. आता थोडे कडक रबरबुश आहेत, आवाज बंद आहे. कुणी सांगेल की ‘रोज जॉइंट’ (रबर नसलेले, धातूच्या गोळ्याचे सांधे) लावा, रेसच्या गाड्यांना तेच असतात. ते घोटीव रस्त्यावर ठीक. आपल्याकडच्या धुळीत आणि चिखलात ते लवकर ढिले होतात, शिवाय रस्त्याचा प्रत्येक खडा कानात येतो. रबर पिळतं म्हणून चारही आर्म एकमेकांशी भांडत नाहीत, हे लक्षात ठेवा.

आणखी एक, जे पाटेवाल्यांच्या लक्षात येत नाही. पाटा दोन्ही टोकांना बांधलेला असतो, म्हणून चाक लोंबकळलं तरी अॅक्सल एका मर्यादेच्या खाली जात नाही. कॉइल स्प्रिंग नुसती बसलेली असते. जॅकवर गाडी घेतली किंवा चाक खोल खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग वाटीतून निसटू शकते. त्यासाठी अॅक्सल आणि बॉडीमध्ये दोन्ही बाजूंना पट्टे लावले आहेत. शॉकअप पूर्ण ताणायच्या आधी पट्टा ताणतो. ब्रेकचा रबरी होज आणि हँडब्रेकची केबल या लोंबलेल्या अवस्थेत मोजून बसवा, गाडी जमिनीवर असताना नाही. सगळे बोल्ट १०.९ या जास्त ताकदीच्या ग्रेडचे, नायलॉक (आपोआप ढिले न होणाऱ्या) नटसह, आणि प्रत्येक ब्रॅकेट दोन कानांचं. एका कानावर लोंबणारा बोल्ट मी स्वीकारणार नाही. पहिल्या काही दिवसांत सगळे पुन्हा आवळून घ्या, आर्मचे बुश-बोल्ट मात्र गाडीचं वजन चाकांवर असतानाच. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं.

कायद्याचं टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीतला तपशील कंपनीने मूळ दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हीच बाजू घेतली. आम्ही काम सुरू करायच्या आधी आरटीओत लेखी विचारलं आणि विमा कंपनीलाही पत्र दिलं. त्यांच्या उत्तरांच्या प्रती गाडीत असतात. तुम्हीही तोंडी उत्तरावर जाऊ नका. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जी ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी आली, तिच्यात चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये बदल केलेली गाडी बसत नाही. तुमची गाडी मूळ स्थितीत असेल आणि त्या वयाची होत आली असेल तर माझा आग्रह आहे, तिला हात लावू नका. माझी गाडी इंजिनमुळे आधीच त्या वाटेवरून उतरली होती, म्हणून मी हे धाडस केलं.

खर्च एका चांगल्या सेकंडहँड स्कूटरइतका आला, त्यातला मोठा वाटा मजुरीचा, आणि ती मजुरी देताना मला क्षणभरही जड वाटलं नाही. पुढच्या पावसाच्या आधी दोन कामं ठरली आहेत: आडव्या पाईपच्या प्लेटी उघडून आत गंज धरलाय का बघायचं, आणि पॅनहार्डच्या त्या ब्रॅकेटला पुन्हा एकदा लाल डाय मारायचा. काम करणाऱ्याने ते कितीही चांगलं केलेलं असलं तरी हे तपासणं मालकाकडेच असतं, आणि बाकी कुणी असं सस्पेन्शन बसवणार असेल तर त्याने वर्षातला एक दिवस यासाठी आधीच बाजूला काढून ठेवावा.