लंकेचा जुना नकाशा: चित्रांचा घ्यावा की मोजणीचा?

आमच्या विहारातली मंडळी अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचं दर्शन घेऊन आली, तेव्हापासून वाचनालयाच्या भिंतीवर लंकेचा जुना नकाशा लावायचं घाटतंय. जागा एकाचीच आहे. एक चहाच्या जाहिरातीच्या धाटणीचा रंगीत चित्रनकाशा, दुसरा तिथल्या सर्वे खात्याचा, मैलाला एक इंच मापाचा. दोन्ही जुन्यावरून काढलेल्या प्रतीच. मी दोन्ही टेबलावर पसरून पाहिल्या.

चित्रनकाशापुढून पोरं हलत नाहीत. हत्ती तालुक्याएवढा, मधल्या डोंगरात चहा तोडणाऱ्या बाया, नैऋत्येला रबर, किनाऱ्याने नारळ. कुठं काय पिकतं ते अक्षर न वाचता कळतं. उंचीला मात्र भुलू नका. श्रीपाद शिखर (2,243 मीटर) सुळक्यासारखं, म्हणून तेच सगळ्यात उंच काढलंय. खरं उंच पिदुरुतलागला, 2,524 मीटर, ते मागं दडलंय. आणि चहा असा रंगवलाय, जणू तिथं दुसरं काही नव्हतंच. त्याच डोंगरांत आधी कॉफी होती. 1869 पासून तांबेरा पडला आणि बागा बसल्या.

सर्वेचा नकाशा दिसायला रुक्ष. अनुराधपूरकडचा कागद उघडला तर निळे तलाव एकाखाली एक, वरच्याचं पाणी खालच्यात. शेजारी बसलेल्या कोहळी (पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारा समाज) आजोबांना त्यावरचं अक्षरही वाचता येत नव्हतं, तरी बोट ठेवून म्हणाले, "ही पाळ, आन् ह्या खाली धानाच्या बांध्या." भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या) तलावांत जन्म गेलेला माणूस! चित्रनकाशात त्याच जागी दोन हरणं आहेत.

अडचण एवढीच, की एका कागदावर बेट मावत नाही. लंका 65,610 चौरस किलोमीटर, विदर्भाहून लहान. तरी सगळे कागद जोडले तर उभी लांबी 22 फुटांवर जाते. म्हणजे बेटाचा आकार पोरांना दिसणारच नाही.

बालवाडीची खोली असती तर मी चित्रांचाच घ्या म्हटलं असतं. आपल्या वाचनालयात संध्याकाळी धानवाले बसतात, तिथं अनुराधपूरचा तो एकच कागद लावावा. फक्त फ्लेक्सवर काढू नका, उंचीच्या बारीक रेषा एकमेकींत मिसळतात. जाड कागदावर काढा आणि काचेत बसवा. पावसाळ्यात कसर लागते.