‘मायक्रोवेव्हमध्ये खरपूस’ म्हणून विकला जाणारा तवा घेण्याआधी हे वाचा

सणासुदीला सांगली-मिरजेत हॉल घेऊन गृहोपयोगी वस्तूंची प्रदर्शनं लागतात, तिथे एक ‘मायक्रोवेव्ह तवा’ विकायला असतो. काळा, जड, चिनी मातीसारखा, दोन बाजूंना कान. थेंबभर तेलात थालीपीठ, कटलेट, माशाची तुकडी, सगळं खरपूस होतं असं सांगतात. विश्रामबागेतल्या अशाच एका प्रदर्शनात मी तो १,८५० रुपयांना घेतला. तो काहीही खरपूस करत नाही, करूच शकत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून मी याला फसवणूक म्हणते.

आमच्या सासऱ्यांना डॉक्टरांनी तेल-तूप अगदी कमी करायला सांगितलंय. आयुष्यभर खमंग खाल्लेल्या माणसाला रोज उकडलेलं वाढताना जीव तुटतो. स्टॉलवरच्या माणसाने नेमकं हेच हेरलं. “काकू, घरात बीपीवालं कुणी आहे? मग हे त्यांच्यासाठीच आहे,” असं म्हणत त्याने थालीपीठ थापलं, तवा ओव्हनमध्ये ठेवला आणि बोलत राहिला. थोड्या वेळाने बाहेर काढलेलं थालीपीठ खरोखर तांबूस होतं, कडा कुरकुरीत होत्या. आम्ही चार-पाच बायकांनी तिथेच पैसे दिले.

घरी आमचा साधा, म्हणजे ग्रिल नसलेला सोलो मायक्रोवेव्ह आहे. “कुठल्याही मायक्रोवेव्हला चालतो” असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. थालीपीठ शिजलं, पण पांढरटच राहिलं. जास्त वेळ ठेवलं तर वातड झालं, रंग काही आला नाही. मामंजींनी एक घास खाऊन ताट निमूट बाजूला सारलं. ते बोलले काहीच नाहीत. मला १,८५० रुपयांपेक्षा तेच जास्त लागलं.

माझ्या जाऊबाईंनी त्या प्रात्यक्षिकाचा मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. वालचंद कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने तो थांबवून थांबवून पाहिला आणि एक गोष्ट दाखवली. थालीपीठ ताटलीत घेताना क्षणभर उलटतं. वरची बाजू तांबूस आहे आणि तव्याला टेकलेली खालची बाजू पांढरीफटक. तवा भाजत असता तर खालची बाजू आधी भाजली असती. रंग आला होता तो ओव्हनच्या छतातल्या ग्रिलच्या कॉइलने. दाराच्या काचेत तिचा तांबडा उजेडही दिसतो. तिथे स्टीलची ताटली ठेवली असती तरी थालीपीठ तसंच झालं असतं.

मायक्रोवेव्हच्या लहरी, आपल्या घरच्या ओव्हनमध्ये २,४५० मेगाहर्ट्‌झच्या, मुख्यतः पदार्थातल्या पाण्याला तापवतात. पाणी १०० अंशांच्या आसपास उकळून वाफ होतं आणि ती वाफ पृष्ठभाग ओलाच ठेवते. ओव्हनमधली हवाही फारशी तापत नाही. खमंगपणा मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरतो. तिथे प्रथिनं आणि साखर यांची प्रक्रिया होऊन तो रंग आणि वास येतो. लुई कामिल मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. आपला बिडाचा तवा तेवढं तापमान सहज गाठतो, ओलसर थालीपीठ मायक्रोवेव्हमध्ये तिथवर पोचतच नाही.

खरी ब्राउनिंग डिश नावाची वस्तू असते, ती थोतांड नाही. तिच्या तळाला टिन ऑक्साइडचा पातळ थर असतो, किंवा फेराइट (लोखंडाचं चुंबकीय संयुग) असतं. हा थर स्वतःच लहरी शोषून कडक तापतो. ती आधी काही मिनिटं रिकामी तापवायची, मग पदार्थ टाकायचा. चर्र आवाज येतो, टेकलेली बाजू भाजते, मग उलटायचं. डिश हळूहळू निवते, म्हणून दुसऱ्या घाण्याआधी पुन्हा तापवावी लागते. मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या पिशवीत तळाशी करडा चौकोन असतो, त्याचं काम याच जातीचं.

आता माझ्या तव्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत काय छापलंय? ‘मायक्रोवेव्ह सेफ’. मायक्रोवेव्ह सेफ म्हणजे भांडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवायला धोका नाही, एवढंच; ते स्वतः तापून पदार्थ भाजेल असा त्याचा अर्थ नाही. खरपूस करणारं भांडं तापलंच पाहिजे. साध्या सिरॅमिकच्या ताटाला काळा रंग देऊन ‘खरपूस तवा’ म्हणून विकणं ही सरळ लबाडी आहे.

ओळखायला स्टॉलवरच सांगा: ओव्हन सोलो मोडवर ठेवा, आत कपभर पाणी आणि शेजारी हा रिकामा तवा, एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि तवा गार निघाला, तर ते नुसतं ताट आहे. ब्राउनिंग डिश असेल तर तळ चटका देण्याइतका तापलेला असेल, त्यामुळे थेट हात लावू नका. मी परत गेले तेव्हा हेच करून दाखवा म्हटलं, तर “काकू, गर्दीच्या वेळी नको” म्हणून टाळलं. पैसे परत मागितले, त्याने दिलेली पावती दाखवली, पण ती साध्या पॅडवरची, ना पत्ता ना जीएसटी क्रमांक. प्रदर्शन उठल्यावर फोनही बंद. संयोजक म्हणाले, आम्ही फक्त जागा भाड्याने देतो.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला तेव्हा पहिला प्रश्न विक्रेत्याच्या नाव-पत्त्याचा आला. तो माझ्याकडे नव्हता. म्हणून कळकळीने सांगते, पैसे देण्याआधी पत्त्यासह पक्कं बिल घ्या आणि खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता आहे का बघा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

हाच तवा कराड, तासगाव किंवा कोल्हापूरला कुणी घेतला असेल, तर खोकं टाकू नका. पावतीचा आणि स्टॉलच्या फलकाचा फोटो असेल तर मला कळवा. एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार दाखल करता येते, आणि जाऊबाईंचा तो व्हिडिओ मी जपून ठेवला आहे.