हार्ड वॅक्स, बर्लिन: तीनशेच छापलेल्या रेकॉर्डी घ्यायच्या तर इथून घ्या

टेक्नो, हाउस, डब टेक्नो, इलेक्ट्रो या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतातलं काहीही मनापासून ऐकत असाल आणि बर्लिनला येणं होणार असेल, तर हार्ड वॅक्स या रेकॉर्डच्या दुकानासाठी अख्खी दुपार मोकळी ठेवा, एवढं आधीच सांगून टाकते. मी मूळची ठाण्याची, नोकरीमुळे इथे राहते, आणि तिकडून कोणी आलं की ठरलेला प्रश्न येतो, ताई ही मोजक्याच छापलेल्या रेकॉर्डींची लिमिटेड एडिशन व्हायनल कुठे मिळते गं, आणि ती खरंच एवढी भारी असते की नुसता पैसे उकळायचा धंदा आहे? दोन्ही प्रकार आहेत. हे दुकान पहिल्या प्रकारातलं आहे, आणि का ते नीट सांगायचंय म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

बर्लिनची भिंत पडली नोव्हेंबर १९८९ मध्ये आणि पुढच्याच महिन्यात मार्क एर्नेस्टुसने क्रॉइत्सबर्ग भागात हे दुकान काढलं. त्या वेळी पूर्व बर्लिनमध्ये रिकामी तळघरं, बंद पडलेले कारखाने, मालक कोण ते कोणालाच माहीत नाही अशा जागा भरपूर, तिथे पोरापोरींनी पार्ट्या सुरू केल्या आणि त्यात वाजवायला लागणारं डेट्रॉइटचं टेक्नो, शिकागोचं हाउस या दुकानातून यायचं. १९९१ मध्ये ट्रेझर क्लब सुरू झाला, एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत, आणि त्याच नावाच्या लेबलची, म्हणजे रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीची, पहिली रेकॉर्ड कोणाची तर डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या टेक्नो मंडळींची. म्हणजे हे दोन शहरांचं नातं पहिल्यापासून रेकॉर्डींवरूनच जुळलेलं आहे. दुकान पुढे बरीच वर्षं पॉल-लिंके-उफर या कालव्याकाठच्या रस्त्यावर होतं, अंगणातून आत जाऊन जिने चढायचे, जुन्या लोकांना तीच जागा आठवते. आता ते कोपेनिकर श्ट्रासवर क्राफ्टवर्क नावाच्या जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत आहे, आणि ट्रेझर क्लबसुद्धा आज त्याच इमारतीत आहे.

काउंटरमागे काम केलेल्यांची नावं बघा, डीजे हेल, इलेक्ट्रिक इंडिगो, मार्सेल डेटमन, शेड, प्रोझुमर. हे सगळे पुढे जगभर वाजवणारे डीजे झाले. त्याचा गिऱ्हाइकाला फायदा असा की इथे माल निवडणारा माणूस तो माल रात्री स्वतः वाजवणारा असतो, त्यामुळे रॅकमध्ये भरती म्हणून टाकलेलं फार कमी सापडतं. वेबसाइटवरही तेच. प्रत्येक रेकॉर्डखाली फक्त एक ओळ, जेमतेम आठदहा शब्द, कुठल्या धाटणीचं आहे तेवढं सांगतात आणि खूपच आवडलं असेल तर शेवटी कॅपिटलमध्ये ‘टिप’. बस. कलाकाराचा आध्यात्मिक प्रवास वगैरे काही नाही. मला ही पद्धत इतकी आवडते की दुसरीकडची पानभर वर्णनं वाचवत नाहीत आता.

आता मुद्द्याचं, ते ‘लिमिटेड’.

आपल्याला वाटतं की तीनशे कॉपी म्हणजे मुद्दाम कमी काढल्या, भाव वाढावा म्हणून. या जगात बहुतेक वेळा तसं नसतं, त्यामागे साधा हिशोब असतो. आधी लॅकरच्या तबकडीवर सुईने खोबण कापायची, मग तिच्यावर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवायचं, त्यातून साचा म्हणजे स्टॅम्पर बनवायचा, टेस्ट प्रेसिंग म्हणजे नमुन्याच्या कॉपी मागवून ऐकायच्या, आणि मग कुठे खऱ्या कॉपी छापायला सुरुवात होते. हा सगळा खर्च तुम्ही शंभर छापा नाहीतर हजार छापा, तेवढाच. जास्त छापल्या की एकेक कॉपी स्वस्त पडते पण विकल्या गेल्या नाहीत तर खोकी घरात पडून राहतात आणि छोटं लेबल एका रेकॉर्डमध्ये बसतं. म्हणून तीनशे, पाचशे. कित्येक लेबलं म्हणजे एकच माणूस असतो, दिवसा नोकरी, रात्री स्टुडिओ, आणि पदरमोड करून काढलेली बारा इंची रेकॉर्ड. रेकॉर्डच्या मधोमध नुसता पांढरा कोरा कागद आणि त्यावर हाताने मारलेला शिक्का बघून लोकांना स्टाइल वाटते, आता ती स्टाइल आहेच, पण त्यात छपाईचे पैसेही वाचतात. शेडच्या ‘वॅक्स’ या मालिकेच्या रेकॉर्डी बघा, नाव नाही, फोटो नाही, शिक्का आणि आकडा, बास. संगीत मात्र असं की ड्रमचा ठोका पडला की मान आपोआप हलायला लागते.

त्यात २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातली अपोलो मास्टर्स ही फॅक्टरी जळाली. जगात लॅकरच्या कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या दोनच कंपन्या होत्या, त्यातली ही एक, उरली ती जपानमधली. पाठोपाठ कोविड, मग मोठ्या पॉप कलाकारांनी व्हायनलच्या प्रचंड ऑर्डरी दिल्या आणि छोट्या टेक्नो लेबलांचे नंबर महिनोनमहिने मागे गेले. ज्यांनी वाईट दिवसांत प्रेसिंगचे कारखाने जगवले तीच मंडळी रांगेत मागे, याचा मला अजून राग येतो.

हार्ड वॅक्सचं मोठेपण मला कशात दिसतं सांगू? या दुकानाने दुर्मिळपणाची पूजा केली नाही. एर्नेस्टुस आणि मोरित्स फॉन ऑस्वाल्ड या दोघांनी १९९३ पासून बेसिक चॅनल नावाने मोजक्याच बारा इंची काढल्या, नऊ म्हणजे नऊ, आणि डब टेक्नो, म्हणजे घुमणाऱ्या प्रतिध्वनींचं सावकाश बदलणारं टेक्नो, हा अख्खा प्रकार त्यातून उभा राहिला. त्या रेकॉर्डी आज दुर्मिळ म्हणून वाटेल त्या भावात विकता आल्या असत्या. पण त्यांनी त्या पुन्हा पुन्हा छापल्या, आणि आजही त्या साध्या नव्या रेकॉर्डच्या भावात मिळतात. वेबसाइटवर ‘बॅक इन स्टॉक’ असा वेगळा विभागच आहे, मी नव्या मालाच्या आधी तो बघते. संगीत ज्याला हवंय त्याला मिळावं, हा साधा विचार आहे आणि तो तीस वर्षं टिकवणं अजिबात साधं नाही.

याउलट हल्ली जो प्रकार चाललाय तो बघा, तीच रेकॉर्ड लाल रंगात, तीच शिंतोडेवाली, तीच नंबर घातलेली, आणि प्रत्येकीवर लिमिटेडचं स्टिकर. मला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अशीच एक रंगीत कॉपी आली होती, कव्हर अप्रतिम आणि सुई ठेवली तर नुसती खरखर, वर तबकडी वाकलेली. रंगीत व्हायनल वाईटच असते असं मी म्हणत नाही, पण पैसे कव्हरला दिले की कटिंगला, म्हणजे खोबण कापण्याच्या कामाला, हे विचारून घ्या.

कटिंगचं सांगायलाच हवं कारण या संगीतात अर्धी मजा तिथे आहे. बारा इंचीच्या एका बाजूला एकच ट्रॅक असेल, त्यातही मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने, तर खोबणी रुंद आणि खोल कापता येतात, म्हणून बेस पोटात जाणवतो. तोच ट्रॅक चार गाण्यांसोबत एका बाजूला कोंबला की आवाज बारीक होतो. बेस मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच, ठेवावा लागतो, नाहीतर सुई वरखाली उड्या मारते. बर्लिनमध्ये बेसिक चॅनलच्याच मंडळींनी १९९५ च्या सुमारास डबप्लेट्स अँड मास्टरिंग नावाचा कटिंग स्टुडिओ काढला, आणि रेकॉर्डच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर मोबाइलचा टॉर्च मारून बघितलंत तर कोणी कापली त्याची खूण कोरलेली दिसते. जुन्या डेट्रॉइट रेकॉर्डींवर तिथे ‘एनएससी’ दिसलं तर ते तिथल्या रॉन मर्फी या कटिंग करणाऱ्याचं काम, डोळे झाकून घ्या. म्हणजे ऐकून घ्या, पण घ्या.

ऐकून घ्या हे महत्त्वाचं, दुकानात त्यासाठी डेक म्हणजे रेकॉर्ड प्लेअर ठेवलेले आहेत. एक गठ्ठा उचलायचा, हेडफोन लावायचे, सुई सुरुवातीला, मध्ये, शेवटाकडे ठेवून बघायची. पण डब टेक्नो असेल तर असं घाईत ऐकू नका, त्यातला बदल इतका सावकाश येतो की तीन मिनिटं दिल्याशिवाय कळतच नाही. आपल्याकडे आलाप ऐकलेल्या कानांना हे सवयीचं आहे, म्हणून मला कायम वाटतं की मराठी ऐकणाऱ्यांना हे संगीत लवकर लागेल. भाव साधारण १२ ते १६ युरो एका बारा इंचीला. आपल्या रुपयांत जड आहे, मान्य. म्हणून थोड्या घ्या, वाजवायला घ्या. भाव चढेल म्हणून सील न फोडता ठेवायला घेणाऱ्यांमुळेच ज्याला खरंच हवी त्याला मिळत नाही.

आणि मुंबईचं नाव यात कुठे येतं माहितीये? चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे मुंबईचे वादक, त्यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या ३०३, ८०८ आणि ज्युपिटर-८ या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने ती रेकॉर्ड काढली. याच ३०३ च्या आवाजावर उभं राहिलेलं शिकागोचं अ‍ॅसिड हाउस रेकॉर्डवर यायला अजून चारपाच वर्षं होती. विकली गेली नाही, विसरली गेली, आणि २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच लेबलने पुन्हा छापली तेव्हा जगाने कान टवकारले. सिंग तेव्हा हयात होते, त्यांना ते कौतुक बघता आलं (२०१५ मध्ये गेले). रिप्रेसने, म्हणजे पुन्हा छापल्याने, काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जुनी कॉपी मिळवणाऱ्याला मानाचा मुजरा, पण राग भैरव ३०३ वर कसा सरपटतो ते घराघरात पोचलं ते दुसऱ्या छपाईमुळे.

ज्यांना भारतात मागवायच्या आहेत त्यांच्यासाठी, पोस्टाचा खर्च आणि वर कस्टम्स धरून एकदोन रेकॉर्डी परवडत नाहीत, मित्रमंडळींनी मिळून एकत्र मागवा, नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगा. विमानात केबिन बॅगमध्येच ठेवा, खालच्या सामानात नको. घरी उभ्या ठेवा, एकावर एक थप्पी नको, आणि मे महिन्यात गाडीत तर पाच मिनिटंही नको. गोव्याच्या जुन्या पार्ट्यांमध्ये डीजे कॅसेट आणि नंतर डॅट या डिजिटल टेपवर का वाजवायचे, त्याचं एक मोठं कारण ही उष्णताच, व्हायनल तिथे टिकलंच नसतं.

पहिल्यांदा जाताय आणि एवढ्या रॅकसमोर सुचेनासं झालं तर बेसिक चॅनलची ‘क्वाड्रंट डब’ मागा, १९९४ ची, दोन बाजू आणि दोनच लांबलचक ट्रॅक. ती असेल तर घ्या, मग त्या आठवड्यात आलेल्या शिक्केवाल्या पांढऱ्या रेकॉर्डींपैकी नाव ओळखीचं नसलेली एखादी ऐका आणि आवडली तर तीही घ्या, कारण ती मात्र पुढच्या खेपेला असेलच असं नाही. रविवारी इथली दुकानं बंद असतात, तेव्हा वीकएंडची ट्रिप असेल तर शनिवारच पकडा.